जमीन गहाण पडते, पाण्याचे काय? सिंचनाच्या कर्जातील तारणाविषयी

विहीर, कूपनलिका, पाइपलाइन किंवा ठिबकसाठी कर्ज काढायला निघालेल्या शेतकऱ्याकडे बँक किंवा गावची सहकारी सोसायटी जी कागदपत्रे मागते, त्यांत सातबारा असतो, आठ-अचा खातेउतारा असतो, मागचे फेरफार असतात, चतुःसीमा असते, वकिलाचा सर्च रिपोर्ट असतो आणि गावातल्या इतर संस्थांचे बेबाकी दाखले असतात. हा सगळा गठ्ठा जमिनीविषयी असतो. कर्ज मात्र पाण्यासाठी घेतलेले असते आणि फिटणार असते तेही पाण्याच्याच जोरावर, कारण पाणी लागले तरच ऊस, डाळिंब किंवा कांदा उभा राहणार आणि त्यातूनच हप्ता जाणार. तरीही ज्या पाण्यावर सारा हिशेब उभा आहे त्यावर आपला हक्क कोणता, तो कुठे लिहिला आहे आणि गहाणखतात तो आला की नाही, हे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. या लेखात तेच पाहायचे आहे.

आधी गहाण म्हणजे काय ते थोडक्यात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 58 मध्ये गहाणाचे प्रकार दिले आहेत. साध्या गहाणात जमीन कसणाऱ्याच्या ताब्यात राहते आणि कर्ज थकले तर न्यायालयामार्फत ती विकून पैसे वसूल करण्याचा हक्क सावकाराला किंवा बँकेला मिळतो. कब्जेगहाणात जमिनीचा ताबाच जातो आणि तिचे उत्पन्न सावकार खातो. मुदत खरेदी हा त्याहून फसवा प्रकार असून त्यात कागद खरेदीखतासारखा दिसतो. मूळ मालकीचे दस्तऐवज बँकेत ठेवून केलेले गहाण शहरातल्या घरकर्जात सर्रास चालते, पण वडिलोपार्जित शेतीला खरेदीखतच नसते, ती वारसाच्या फेरफाराने आलेली असते, त्यामुळे शेतीकर्जात बहुधा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले गहाणखत करावे लागते. सोसायटीच्या कर्जाची रीत वेगळी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 48 प्रमाणे सभासद आपल्या जमिनीवर बोजा, म्हणजे कर्जाचा भार, निर्माण करणारे प्रतिज्ञापत्र लिहून देतो, ज्याला गावात सगळे इकरार म्हणतात, आणि त्याची नोंद तलाठ्याकडून सातबाऱ्याच्या इतर अधिकाराच्या रकान्यात चढते. कर्ज फिटेपर्यंत त्या जमिनीची विक्री करता येत नाही.

येथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच 1882 च्या अधिनियमाच्या कलम 70 नुसार, गहाण ठेवल्यानंतर त्या मालमत्तेत जी भर पडते, तीही, वेगळा करार नसेल तर, तारणात सामील होते. म्हणजे कोरडवाहू रान गहाण ठेवून त्या पैशात विहीर खोदली, तर विहीर आपोआप बँकेच्या तारणात जाते. कर्जाच्या पैशाने जमिनीची किंमत वाढते आणि ती वाढलेली किंमतही त्याच कर्जाच्या मागे उभी राहते. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात जिरायत आणि बागायत जमिनीचे दर वेगवेगळे असतात, हे पाहिले म्हणजे बँकांना सिंचनाचे कर्ज इतर दीर्घ मुदतीच्या कर्जांपेक्षा का बरे वाटते ते कळते.

विहिरीतले पाणी कोणाचे?

आपल्या रानातल्या विहिरीचे पाणी आपल्या मालकीचे आहे असे आपण सहज म्हणतो. कायद्याची भाषा जरा वेगळी आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 च्या कलम 7 मध्ये असे उदाहरण दिले आहे की, निश्चित प्रवाहाने न वाहणारे जे पाणी जमिनीखाली असते, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा अधिकार प्रत्येक जमीनमालकाला आहे. हा अधिकार उपसण्याचा आहे. जमिनीखाली साठलेल्या पाण्यावर नाव लावता येत नाही, कारण तेच पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालीही आहे आणि त्यालाही तोच अधिकार आहे. शेजाऱ्याने शंभर फुटांवर नवी विहीर पाडली आणि आपली आटली, तर या जुन्या नियमात आपल्याला फारसा आधार मिळत नाही. तारण म्हणून पाहिले तर ही मोठीच कमजोरी आहे, कारण बँकेकडे गहाण असलेली वस्तू कोणीही चोरलेली नसते, जमीन जागेवर असते, विहीरही जागेवर असते, आणि तरी तिची निम्मी किंमत शेजाऱ्याच्या मोटारीने ओढून नेलेली असते.

दुसरा नियम मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 6 मध्ये आहे. सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाट किंवा पाणी नेण्याचा हक्क, हा ज्या जमिनीच्या सोयीसाठी आहे तिच्यापासून तोडून वेगळा विकता येत नाही. उलट कलम 8 सांगते की वेगळे काही लिहिलेले नसेल तर जमीन हस्तांतरित होताना तिला चिकटलेले सुविधाधिकारही सोबत जातात. या दोन कलमांचा मिळून अर्थ असा की आपल्याकडे पाण्याचा हक्क जमिनीच्या पाठीवर बसून प्रवास करतो. एकट्या पाण्याचे गहाणखत होत नाही, पण जमिनीचे गहाणखत झाले की पाण्याचा हक्क न सांगता त्यात येऊन बसतो.

हे कागदावर नीट दिसते. रानात ते कसे दिसते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, तिघा भावांत वाटणी झाली आणि जुनी विहीर मधल्याच्या वाट्यात आली. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या सातबाऱ्यावर इतर अधिकारात "सामाईक विहिरीत हिस्सा 1/3" अशी ओळ आहे. पाळी चार-चार दिवसांची ठरली आहे. विजेचे कनेक्शन वडिलांच्या नावावर होते, ते पुढे मधल्याच्या नावावर झाले, आणि तिघे मिळून बिल भरतात. आता थोरल्याने पाइपलाइन आणि ठिबकसाठी आपली तीन एकर गहाण ठेवून कर्ज काढले. बँकेच्या अधिकाऱ्याने सातबारा पाहिला, विहीर हिस्सा पाहिला, बागायत धरून मूल्यांकन केले. तारणात काय आले? तीन एकर जमीन आणि तिला चिकटलेला एकतृतीयांश हिस्सा. मोटार, स्टार्टर आणि वीजमीटर यांतले काही आले नाही, कारण ते दुसऱ्याच्या नावावर आहेत. पाळीचे चार दिवस तर कुठेच लिहिलेले नाहीत, ते तिघांच्या बोलण्यात आहेत. उद्या भावाभावांत बिनसले आणि मधल्याने मोटारीच्या खोलीला कुलूप लावले, तर थोरल्याची जमीन बँकेत गहाण आहे आणि पाणी भावाच्या कुलपात आहे, अशी अवस्था होते. हप्ता मात्र थोरल्याच्याच नावावर चालू राहतो. म्हणून ज्यांच्या विहिरी सामाईक आहेत त्यांनी कर्जाचा अर्ज करण्याआधी वाटणीपत्रात पाळी, वीजजोडणी आणि विहिरीकडे जाण्याची वाट लिहून घेऊन ते नोंदवावे, असे मी आग्रहाने सांगेन. भावांकडे असा कागद मागणे अवघड जाते, हे मान्य आहे. कर्ज अंगावर आल्यावर मागणे त्याहून अवघड जाते.

विहिरीच्या पाण्यावर शासनाचेही काही निर्बंध आहेत आणि ते तारणाच्या किमतीशी जोडलेले आहेत. 1993 च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणले. 2009 च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने अधिसूचित क्षेत्रांत 60 मीटरपेक्षा खोल विहीर किंवा कूपनलिका शेती व उद्योगासाठी घेण्यास मनाई केली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाणलोट क्षेत्रांची वर्गवारी करते आणि क्षेत्र अतिशोषित ठरले असेल तर तिथल्या नव्या विहिरीसाठी संस्थात्मक कर्ज मिळणे कठीण होते. गंमत अशी की खासगी बोअरवाला यातले काही विचारत नाही, आणि ज्या भागात बँक विहिरीला नाही म्हणते त्याच भागात उसनवारी आणि दागिने मोडून बोअर मारले जातात.

पाटाचे आणि नदीचे पाणी

धरणाच्या, कालव्याच्या आणि अधिसूचित नदीच्या पाण्याची गोष्ट आणखी निराळी आहे. ते महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम 1976 खाली येते आणि शेतकऱ्याला त्यावर मिळते ती परवानगी. लाभक्षेत्रातला शेतकरी हंगामाच्या आधी सात नंबरचा पाणी अर्ज भरतो, पाणीपट्टी भरतो, आणि आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची फेरी, सुटले की पाटकऱ्याच्या क्रमाने त्याची पाळी येते. धरणात साठा कमी असेल तर आवर्तने कमी होतात. नदीवर मोटार बसवायची तर जलसंपदा विभागाचा उपसा परवाना लागतो आणि तो मुदतीचा असतो. अर्ज आणि परवाना यांपैकी काहीही बँकेला गहाण देता येत नाही. बँक परवान्याची प्रत फाइलला लावून घेते ती योजना खरोखर चालेल की नाही हे पाहण्यासाठी. परवान्याची मुदत पाच-सहा वर्षांची आणि कर्जाची त्याहून जास्त, असा बेबनाव झाला तर परवाना वेळेवर नूतनीकरण करण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो, आणि हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

2005 साली या चित्रात बदल करण्याचा एक प्रयत्न झाला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला आणि त्याने पाण्याच्या "हक्कदारी"ची कल्पना आणली. हक्कदारी म्हणजे मालकी नव्हे. तो वापराचा हक्क आहे आणि कायद्यातच असे म्हटले आहे की तो वार्षिक किंवा हंगामी तत्त्वावर, प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली, हस्तांतरित करता येईल किंवा विकता येईल. कालव्यावर ही हक्कदारी मुख्यतः पाणी वापर संस्थेला मिळते, एकेका शेतकऱ्याला नाही. एका हंगामापुरता देता येणारा आणि संस्थेच्या नावावर असलेला हक्क नऊ वर्षांच्या कर्जाला तारण कसा होणार? त्यामुळे कायद्यात खरेदी-विक्रीचे शब्द असूनही बँकेच्या टेबलावर अजून सातबाराच चालतो.

गुंठाभर जागेची विहीर

पश्चिम महाराष्ट्रात नदीपासून दोन-तीन किलोमीटर आत असलेल्या गावांनी पाणी आणण्याची जी रीत काढली, ती तारणाच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीची आहे. नदीकाठच्या कोणाकडून गुंठाभर जागा घ्यायची, तिथे विहीर किंवा जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी उपसण्यासाठीची विहीर, बांधायची, मोटार बसवायची आणि पाच-पन्नास जणांच्या रानांतून पाइप पुरत आपल्या माळापर्यंत न्यायचा. कर्ज या साऱ्या कामाला मिळते, पण गहाण पडते ती माळावरची जमीन. मधले सगळे दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर असते.

गुंठाभर जागेची खरेदी हाच पहिला अडथळा होता. तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्यामुळे ठरलेल्या प्रमाणाहून लहान तुकड्याचे खरेदीखत नोंदवता येत नसे, म्हणून हे व्यवहार साध्या कागदावर, शंभराच्या स्टॅम्पवर किंवा नुसत्या शब्दावर झाले. 2024 साली नियमांत दुरुस्ती होऊन विहिरीसाठी पाच गुंठ्यांपर्यंतची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने घेण्याची वाट मोकळी झाली. पण त्याआधीच्या कितीतरी विहिरी आजही मूळ मालकाच्याच नावावर आहेत. अशा जागेचा मूळ मालक वारला, वारसांची नावे लागली आणि त्यांतल्या एकाने "आमच्या बापाने जागा विकलीच नव्हती" असे म्हटले, की तीन किलोमीटर पाइप कोरडा पडतो.

पाइपलाइनसाठी कायद्याचा एक चांगला आधार आहे आणि तो वापरला जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 49 प्रमाणे, ज्याला स्वतःच्या रानात पाणी नेण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा पाइप न्यायचा आहे आणि आपसांत जमत नाही, तो तहसीलदाराकडे अर्ज करू शकतो. तहसीलदार चौकशी करून, कमीत कमी नुकसान होईल अशा मार्गाने आणि मोबदला ठरवून परवानगी देऊ शकतो, आणि जमिनीखालचा पाइप अर्ध्या मीटरपेक्षा कमी खोलीवर नसावा अशी अटही आहे. अर्धा मीटर म्हणजे नांगराच्या फाळाला लागणार नाही इतके. संमतीने पाइप पुरणाऱ्यांनीसुद्धा ही खोली पाळावी, आणि संमती तोंडी न ठेवता गटनंबर, लांबी आणि दिशा लिहून ती घ्यावी. बँकेने हा कागद मागितला नाही तरी घ्यावा.

हेच काम एकट्याने न करता सहकारी उपसा सिंचन संस्थेमार्फत केले, तर हिशेब अजून मोठा होतो. कर्ज संस्थेला मिळते आणि सभासदांच्या जमिनींवर त्याचा बोजा चढतो. ऊसपट्ट्यात वसुली साखर कारखान्याकडून, उसाच्या बिलातून कपात करून होते, त्यामुळे ही व्यवस्था चांगली चालली तेव्हा फार चांगली चालली आणि माळरानावर ऊस उभा राहिला. पण योजनेचे दुखणे सभासदांत समान वाटले जात नाही. शेपटाकडच्या सभासदाला पाणी पोचत नाही, विजेचे बिल थकते, मोटार जळते, योजना बंद पडते. ज्याच्या रानात पाण्याचा एक थेंब आला नाही त्याच्याही सातबाऱ्यावर बोजा तसाच राहतो. मला या साऱ्या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटते. तारण प्रत्येकाचे पूर्ण आणि पाणी मात्र उतारावरचे, अशा करारावर सही करण्याआधी आपले रान वितरण-नलिकेच्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि पाणी न मिळाल्यास आपला भाग कसा कमी होईल, हे पोटनियमांत वाचून घेतले पाहिजे.

जिथे पाणी वेगळे केले

पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून तो गहाण ठेवता येतो अशा व्यवस्था जगात आहेत. चिली देशाने 1981 च्या जलसंहितेने पाण्याचे हक्क जमिनीपासून तोडले, आणि ते स्थावर मालमत्तेसारखे नोंदवता, विकता आणि गहाण ठेवता येऊ लागले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात 2000 च्या जल व्यवस्थापन कायद्यानंतर पाण्याच्या परवान्यांची स्वतंत्र नोंदवही असते आणि तिच्यात बँकेचे गहाण नोंदवले जाते. यात शेतकऱ्याची सोय अशी की कर्जासाठी जमीन अडकवावी लागत नाही. धोका असा की हप्ते थकले तर जमीन राहते आणि पाणी जाते, आणि कोरड्या मुलखात पाण्यावाचून जमिनीला काय किंमत उरते ते सांगायला नको.

आपल्याकडे याच्या नेमका उलट प्रयोग पुरंदर तालुक्यात झाला. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर न वाटता माणसांवर वाटले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. आणि तारणाच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम असा की जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो लाभधारकांच्या गटाकडे परत येतो. या नियमाखाली सावकाराने जमीन घेतली तरी त्याच्या हाती पाणी लागत नाही. बँकेच्या नजरेतून पाहिले तर अशी जमीन कमी किमतीची ठरते, आणि म्हणूनच या योजनांचा पैसा गहाणावर उभा राहिला नाही. तो शासकीय अनुदान, लाभधारकांची वर्गणी आणि संस्थेचे बिनव्याजी कर्ज यांतून उभा राहिला.

कर्ज थकले तर

थकलेल्या सिंचन कर्जाला जमीन कशी जाते याविषयी गावात भीतीही फार आणि गैरसमजही फार. बँकांना न्यायालयाविना तारण विकण्याचा अधिकार देणारा जो 2002 चा सरफेसी कायदा आहे, त्याच्या कलम 31 ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. त्यामुळे शेतजमिनीवर त्या कायद्याची नोटीस आली तर घाबरून कागदावर सह्या करू नयेत, वकिलाला दाखवावी. मात्र जमीन अकृषिक झाली असेल किंवा तिचा वापर शेतीचा राहिला नसेल, तर हे संरक्षण मिळेलच असे नाही. सहकारी संस्थेला दुसरा मार्ग आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 प्रमाणे तिला सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. त्यात जप्ती आणि लिलाव दोन्ही येतात.

ही जुनी वाट आहे. 1875 च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखते जाळली, त्यानंतर आलेल्या 1883 च्या जमीन सुधारणा कर्ज अधिनियमाखाली सरकार विहिरींसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, देत असे, आणि तगाईची वसुलीही ज्या जमिनीच्या सुधारणेसाठी कर्ज दिले तिच्यातून, महसुलाच्या थकबाकीप्रमाणेच होत असे.

लहान कर्जांना आता तारणाची गरजच राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेने शेतीकर्जाची विनातारण मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून 1 लाख 60 हजारांवरून 2 लाख रुपये केली. मोटार, थोडे ठिबक किंवा विहिरीची दुरुस्ती यांसाठी तेवढे पुरत असेल, तर जमिनीवर बोजा चढवून घेण्याचे कारण नाही.

बोजा चढतो एका दिवसात आणि उतरायला किती काळ लागतो, याचे उदाहरण भूविकास बँकेचे आहे. विहिरी आणि पाइपलाइनसाठी दीर्घ मुदतीची कर्जे देणारी ही बँक अवसायनात गेली, आणि तरी तिचे बोजे सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे राहिले. 2022 साली राज्य शासनाने 34,788 शेतकऱ्यांची 964 कोटी 15 लाख रुपयांची कर्जे माफ केली, तेव्हा कुठे त्या जमिनी मोकळ्या होण्याचा मार्ग निघाला. ज्यांनी पूर्वीच कर्ज फेडले आहे त्यांनीही एकदा उतारा काढून पाहावा. शेवटचा हप्ता भरल्यावर बँक बेबाकी दाखला देते, पण बोजा आपोआप उतरत नाही. नोंदवलेले गहाणखत असेल तर त्याचा मुक्तिलेख करून घ्यावा लागतो, तो आणि दाखला तलाठ्याकडे देऊन फेरफार मंजूर करून घ्यावा लागतो, आणि नंतर नवा सातबारा काढून इतर अधिकाराचा रकाना स्वतः वाचावा लागतो. एकापेक्षा जास्त गट गहाण दिले असतील तर प्रत्येक गटाचा उतारा वेगळा काढावा. नदीकाठचा तो गुंठा त्यांत असेल, तर त्याचाही.